दम लागणे आणि दमा

मराठीत दोन शब्द अगदी शेजारी शेजारी राहतात. जिना चढलो, बस पकडायला धावलो की आपल्याला दम लागतो. आणि ज्याच्या छातीतल्या श्वासनलिका पुन्हा पुन्हा आवळतात त्याला दमा असतो. शब्द जवळचे असल्यामुळे घरोघरी एक समजूत पक्की होऊन बसली आहे, ती म्हणजे ज्याला दमा आहे त्याला दम लागता कामा नये. मग अम्मीची चिठ्ठी शाळेत जाते, पी.टी.च्या तासाला मुलगा वर्गात बसतो, सुट्टीत ओट्यावरून इतरांचा खेळ पाहतो. मुलगी असेल तर तिची सायकल आधी सुटते, मग धावणे, मग मोकळ्या हवेत जाणेच. सगळे मायेपोटी होते. पण त्या मायेची किंमत मुलाचे शरीर पुढे कित्येक वर्षे मोजत राहते.

या सदराकडे दम्याबद्दल जी पत्रे येतात त्यांत बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: खेळू द्यावे की नाही? या महिन्यात आम्ही त्याचे उत्तर नीट उलगडून द्यायचे ठरवले आहे. थोडक्यात सांगायचे तर, खेळू द्यावे. मात्र किती जोराने, किती वेळ, कोणत्या हवेत आणि कोणत्या तयारीने, हे समजून घेऊन.

श्वासनलिकेत नेमके काय होते?

मोठा माणूस शांत बसलेला असताना मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. ही हवा नाकातून जाते. नाक हे फक्त वास घेण्याचे साधन नाही. हवा गाळणे, कोमट करणे आणि ओली करणे ही त्याची मोठी कामे आहेत. फुप्फुसाच्या खोल भागात पोहोचेपर्यंत हवा ३७ अंश तापमानाची झालेली असते आणि तिच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे ४४ मिलिग्रॅम पाण्याची वाफ असते. आता हिवाळ्यातली पहाट घ्या. १० अंश तापमानाची हवा कितीही दमट असली तरी लिटरमागे फार तर ९ मिलिग्रॅमच्या आसपास पाणी धरते. उरलेले पाणी कोण देते? नाक, घसा आणि श्वासनलिकांचे आतले ओले अस्तर.

शांत बसलो असताना हा हिशेब सहज जुळतो. भरभर चालू लागलो की हवा दुप्पट-तिप्पट लागते. जोरात धावताना ती मिनिटाला ६०-८० लिटरवर जाते आणि तयारीच्या खेळाडूत १०० लिटरच्याही पुढे. मिनिटाला ३५-४० लिटरच्या आसपास पोहोचल्यावर एकटे नाक पुरत नाही, तोंड उघडते. आता न गाळलेली, न भिजलेली, कोरडी हवा थेट खोलवर शिरते. श्वासनलिकांच्या अस्तरावर पाण्याचा अगदी पातळ थर असतो. तो सुकू लागतो आणि उरलेले पाणी अधिक खारट होते. हा बदल अस्तरातल्या काही पेशींना सहन होत नाही. त्या हिस्टामिन आणि ल्युकोट्रिन यांसारखी द्रव्ये सोडतात. ती द्रव्ये नलिकेभोवतीच्या स्नायूंना आवळतात आणि अस्तराला सूज आणतात. वाट अरुंद होते, छातीत घरघर येते, खोकल्याची ढास लागते.

दमा नसलेल्या माणसाच्याही श्वासनलिका धावताना सुकतात. फरक असा की दमेकऱ्याच्या नलिकांना आधीच सूज असते. कोरड्या गवतावर ठिणगी पडावी तसे तिथे लगेच पेटते. म्हणून सूज जितकी जास्त, तितका व्यायामाचा त्रास जास्त. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा उपाय तिच्यावरच उभा आहे.

दोष धावण्याचा नसून कोरड्या हवेच्या माऱ्याचा आहे, हे संशोधकांनी दोन बाजूंनी तपासून पाहिले आहे. दमेकऱ्याला खुर्चीत बसवून, हातपाय न हलवता, नुसता कोरड्या हवेचा जोरजोरात श्वास घ्यायला लावला तर त्याच्या नलिका धावल्यासारख्याच आवळतात. उलट त्याला उबदार आणि पूर्ण दमट हवा देत धावायला लावले तर आवळणे फारच थोडे होते, कित्येकदा होतच नाही.

जोर किती आणि वेळ किती

दमा असलेल्या मुलांच्या व्यायामाचा पद्धतशीर अभ्यास इंग्लंडमधल्या लिव्हरपूल इथे डॉ. जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांचा लेख १९६२ मध्ये छापून आला. त्यांना आढळले की मूल एक-दोन मिनिटेच पळाले तर त्याच्या श्वासनलिका उलट थोड्या मोकळ्या होतात. पण पळणे ८-१२ मिनिटे चालले तर थांबल्यानंतर त्या आवळतात. म्हणजे एकाच मुलाच्या एकाच छातीवर छोट्या पळण्याचा आणि लांब पळण्याचा परिणाम उलटसुलट होतो. पुढे १९७० च्या दशकात लंडनमध्ये ट्रेडमिलवर मुलांना वेगवेगळ्या चढावर आणि वेगवेगळ्या वेळेसाठी पळवून पाहिले गेले. सहा ते आठ मिनिटांचे जोराचे पळणे हेच सर्वांत त्रासदायक ठरले.

वेळ तीच ठेवून नुसता जोर वाढवला तर काय होते? याचे उत्तर २००० साली नॉर्वेतून आले. तिथे दमा असलेल्या मुलांना दोनदा पळवले. एकदा हृदयाच्या कमाल ठोक्यांच्या ८५ टक्क्यांपर्यंत आणि एकदा ९५ टक्क्यांपर्यंत. जोरात फुंकून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते ते आधी आणि नंतर मोजले. पहिल्या वेळी सरासरी घट सुमारे ९ टक्के होती आणि दुसऱ्या वेळी सुमारे २५ टक्के. मुले तीच, दमा तोच. फक्त शेवटचा थोडा जोर वाढला आणि त्रास अडीच पटींहून अधिक झाला.

आज छातीचे डॉक्टर व्यायामाची चाचणी घेतात ती याच ज्ञानावर. रुग्णाच्या नाकाला चिमटा लावून कोरड्या हवेत सहा ते आठ मिनिटे असे पळवतात की ठोके कमाल मर्यादेच्या ८० ते ९० टक्क्यांवर राहतील. कमाल मर्यादेचा ढोबळ हिशेब म्हणजे २२० मधून वय वजा करणे. चौदा वर्षांच्या मुलासाठी ती २०६, आणि तिचे ८५ टक्के म्हणजे १७५ ठोके. थांबल्यावर अर्धा तास पुन्हा पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदाच्या हवेत १० टक्के किंवा अधिक घट आली तर व्यायामाने नलिका आवळतात असे ठरते. घट २५ टक्क्यांपर्यंत सौम्य, ५० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र मानतात.

आता आपल्याकडची एक गोष्ट पाहा. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. साधारण तयारीच्या मुलाला १६०० मीटरला पाच ते सात मिनिटे लागतात, तीही जीव तोडून. म्हणजे वेळ आणि जोर या दोन्ही बाबतींत ही शर्यत दवाखान्यातल्या चाचणीची जुळी बहीण आहे. एरवी ठीक असलेल्या तरुणाला भरतीच्या मैदानावरच पहिल्यांदा घरघर लागली तर त्यात नवल नाही. अशा मुलाने भरतीचा नाद सोडावा असे आम्ही म्हणत नाही. त्याने सरावाच्या महिन्यांतच छाती तपासून घ्यावी, एवढेच म्हणणे आहे.

साधा दम आणि दम्याचा दम

मैदानात धापा टाकणारे प्रत्येक मूल दमेकरी नसते. दोघांतला फरक ओळखायला घड्याळ पुरते.

साधा दम धावताना लागतो, आणि थांबले की दोन-चार मिनिटांत उतरतो. चेहरा लाल होतो, घाम येतो, पाणी पिऊन मूल परत पळते.

दम्याचा दम बहुधा खेळ थांबल्यावर चढतो. पाच ते दहा मिनिटांनी तो सर्वांत जास्त असतो आणि मग अर्ध्या-एक तासात हळूहळू उतरतो. म्हणून खेळाच्या शिक्षकांना तो दिसत नाही, घरी परतणाऱ्या मुलाच्या आईला ऐकू येतो. मूल दारात येते ते कोरडे खोकत, छाती आवळल्यासारखी वाटते म्हणत, आणि श्वास सोडताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. कित्येक मुलांत घरघर नसतेच, फक्त खोकला असतो. आपण त्याला थंड पाण्याचा दोष देतो.

आणखी एक प्रकार असतो. ऐन धावण्यात गळा आवळतो, आवाज श्वास आत घेताना येतो आणि थांबताच बरे वाटते. हा त्रास घशातल्या स्वरपट्ट्यांचा असू शकतो. त्यावर दम्याचा पंप काम करत नाही. धाप कधी रक्त कमी असल्याने लागते, कधी वजनामुळे, कधी हृदयामुळे. म्हणून अंदाजाने कोणाला दमेकरी ठरवू नये आणि कोणाला आळशीही म्हणू नये. फुंकून करायची स्पायरोमेट्री ही तपासणी करून घ्यावी.

दम्याच्या दमाची एक चमत्कारिक गोष्ट अशी की साधारण निम्म्या लोकांत तो एकदा येऊन गेला की पुढचे एक ते तीन तास पुन्हा तितका येत नाही. आधी पळताना खोकणारे मूल तासाभराने बिनधास्त खेळते ते यामुळे. ते आधी ढोंग करत होते असा त्याचा अर्थ नाही.

कोणता खेळ, कोणती हवा

वर सांगितलेले ध्यानात घेतले की खेळांची वर्गवारी आपोआप होते. फुटबॉल, लांब धावणे, चढावर सायकल हाणणे यांत श्वास बराच वेळ वरच्या पट्टीत राहतो, म्हणून त्रासाची शक्यता जास्त. क्रिकेट, बॅडमिंटन, व्हॉलीबॉल यांत जोर येतो आणि जातो, मध्ये विसावा मिळतो. कबड्डीतली चढाई ३० सेकंदांची असते. चालणे, सावकाश सायकल आणि योगासने ही तर जवळजवळ सर्वांना मानवतात. पोहताना पाण्यालगतची हवा दमट असते, म्हणून कित्येक दमेकरी मुलांना पोहणे सोसते. मात्र बंदिस्त तलावात क्लोरीनचा उग्र वास येत असेल तर तिथे नको. क्लोरीनच नलिकांना झोंबते.

ही यादी खेळ निवडायला मदत म्हणून आहे, फुटबॉलवर बंदी घालायला नव्हे. मुलाला फुटबॉलच आवडत असेल तर त्याने फुटबॉलच खेळावे, फक्त जास्त तयारीने.

हवेचा फरकही मोठा आहे. रत्नागिरी किंवा रायगडच्या किनाऱ्यावर हवा बहुतेक वर्षभर उबदार आणि दमट असते. नाशिक, जळगावकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही जातो. त्याच मुलाला कोकणात आजोळी पळताना काही होत नाही आणि घरी परतल्यावर पहाटेच्या सरावाला ढास लागते, तर कारण इथे शोधावे. थंडीत सराव उन्हे वर आल्यावर ठेवावा. कोकणातल्यांनीही निर्धास्त राहू नये. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतींवरची बुरशी दमा वाढवते आणि वाढलेला दमा व्यायामात उसळतो. शहरात गर्दीच्या रस्त्याकडेला, कचरा जळत असताना किंवा बांधकामाच्या धुळीत धावण्यापेक्षा त्या दिवशी घरातच व्यायाम केलेला बरा, कारण तोंडाने घेतलेल्या प्रत्येक श्वासाबरोबर तो धूर न गाळता आत जातो.

थंड हवेत नाकातोंडावर दुपट्टा, मफलर किंवा मास्क घेतला तर आपल्याच उच्छ्वासाची ऊब आणि ओल आत जाणाऱ्या हवेला मिळते, आणि त्रास कमी होतो. नकाब घेणाऱ्या भगिनींना थंडीतल्या चालण्यात हा फायदा आपोआप मिळतो. कापड सुटे असावे आणि रोज धुतलेले असावे.

खेळण्याआधीची तयारी

पहिली तयारी मैदानावर नाही, घरात होते. व्यायामाने वारंवार त्रास होतो याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की दमा आटोक्यात नाही. आतली सूज कमी करणारा, रोज घ्यायचा पंप डॉक्टरांनी दिला असेल तर तो न चुकता घ्यावा. दोन ते चार आठवड्यांत व्यायामाचा त्रासही कमी होऊ लागतो. बरे वाटले म्हणून तो आपल्या मनाने बंद करणे ही सर्वांत जास्त घडणारी चूक आहे.

दुसरी तयारी म्हणजे शरीर तापवणे. थेट पळायला सुटू नये. दहा-पंधरा मिनिटे आधी चालावे, हळू पळावे आणि मध्ये मध्ये वीस-तीस सेकंदांच्या चार-सहा छोट्या धावा घ्याव्यात. असे चढउताराचे तापवणे नुसत्या संथ चालण्यापेक्षा जास्त गुणकारी दिसले आहे. खेळ संपतानाही एकदम बसू नये. पाच-दहा मिनिटे चालत चालत थांबावे.

तिसरी तयारी औषधाची. एरवी दमा आटोक्यात असूनही खेळताना त्रास होत असेल तर डॉक्टर खेळाआधी १०-१५ मिनिटे पंप घ्यायला सांगतात. सालबुटामॉलचा निळा पंप असा घेतला तर त्याचे संरक्षण साधारण दोन-तीन तास टिकते. पण रोज खेळ आणि रोज निळा पंप असे चालू झाले तर त्याचे संरक्षण हळूहळू कमी पडते, आणि आतली सूज तशीच राहते. ‘गिना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दम्यावरील जागतिक तज्ज्ञगटाने २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे की किशोरवयीन आणि मोठ्या रुग्णांनी फक्त निळ्या पंपावर राहू नये, सूज कमी करणारे औषध त्याच्या जोडीला हवेच. म्हणून आठवड्यातून अनेकदा निळा पंप लागत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

चौथी गोष्ट म्हणजे जोर मोजणे. त्यासाठी यंत्र लागत नाही, बोलणे पुरते. चालता-पळताना गुणगुणता येत असेल तर जोर कमी आहे. बोलता येते पण गाता येत नाही, तर मध्यम आहे. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तर जोर जास्त आहे. बरेच महिने बसून राहिलेल्या दमेकऱ्याने मध्यम जोरापासून सुरुवात करावी आणि आठवड्या-आठवड्याने वेळ वाढवावा. आधी वेळ, मग जोर. सर्दी, ताप किंवा रात्रीचा खोकला असेल त्या दिवसांत सुट्टी घ्यावी.

बसून राहण्याची किंमत

न खेळणाऱ्या मुलाचे स्नायू आणि हृदय कमजोर राहतात. कमजोर शरीराला तेच काम करायला जास्त श्वास घ्यावा लागतो. जास्त श्वास म्हणजे जास्त कोरडी हवा. म्हणजे ज्याला आपण दम्याच्या भीतीने बसवून ठेवतो त्याला पुढे दोन मजले चढतानाही तो त्रास होतो जो एरवी मैदानभर पळून झाला असता. मग घरचे म्हणतात, पाहा, आम्ही सांगतच होतो. हे चक्र आपणच फिरवत असतो.

सरावलेल्या शरीरात हेच चक्र उलटे फिरते. तेवढ्याच कामाला कमी श्वास लागतो, आणि त्रास सुरू होण्याची रेषा दूर सरकते. दमेकऱ्यांच्या व्यायामावर आजवर झालेले प्रयोग एकत्र तपासले तेव्हा दिसले की नियमित व्यायामाने त्यांची दमश्वासाची ताकद वाढते आणि दमा त्यामुळे बिघडत नाही. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन इथे तर दमेकऱ्यांना सायकलवर जोराचा पण तुकड्या-तुकड्यांचा व्यायाम दिला, जोडीला आहार सुधारला, आणि त्यांचे दैनंदिन जगणे आणि दम्यावरचा ताबा सुधारला. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. जोर वाईट नाही. विसाव्याशिवायचा, तयारीशिवायचा जोर वाईट.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना व्यायामाने श्वासनलिका आवळण्याचा त्रास होता. त्या ६७ जणांनी ४१ पदके जिंकली. जॅकी जॉयनर-कर्सी या अमेरिकी खेळाडूला दमा होता. सुरुवातीला तिने औषधांकडे दुर्लक्ष केले आणि तीव्र झटके सोसले, हे तिने स्वतः सांगितले आहे. औषध मनावर घेतल्यावर तिने १९८८ मध्ये सोल इथे हेप्टॅथलॉनमध्ये ७२९१ गुणांचा विश्वविक्रम केला, आणि तो अजून कोणी मोडलेला नाही. पॉला रॅडक्लिफ दमा असूनच २००३ ची लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत धावली. क्रिकेटवेड्या घरांना स्टुअर्ट ब्रॉड माहीत आहे. कसोटीत ६०४ बळी घेणाऱ्या या जलदगती गोलंदाजालाही दमा आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात असा अंदाज आहे. आपल्याकडे हवा वाईट आहे, हे एक कारण. पंपाची लाज, औषध अर्ध्यात सोडणे आणि झटक्याच्या वेळी घरीच थांबणे, ही दुसरी कारणे आपल्या हातात आहेत.

घरातल्या कामाचा जोर

व्यायाम म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मुले येतात. पण पाण्याची कळशी घेऊन तिसरा मजला चढणारी अम्मी, गाद्या झटकणारी खाला, मसाला कुटणारी नानी यांचाही श्वास वाढतो, तोही धुळीत, मिरचीच्या खकाण्यात किंवा चुलीच्या धुरात. दमा असलेल्या बाईने ही कामे नाकतोंड झाकून, खिडक्या उघडून, तुकड्यातुकड्यांनी करावीत. झाडताना ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. धाप वाढत असेल तर रक्तही तपासावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. वयाचे आणि कामाचे निमित्त पुढे करून घरातल्या बाईची धाप सर्वांत शेवटी डॉक्टरांपर्यंत पोहोचते. असे होऊ नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पंपाची सवय लागते का?* व्यसन लागत नाही. पंपातून औषध थेट छातीत जाते, म्हणून मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. गोळीची मात्रा मिलिग्रॅममध्ये असते. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून टाकावी. लहान मुलांना स्पेसर लावूनच पंप द्यावा, नाहीतर औषध जिभेवरच राहते.

*शाळेत काय सांगावे?* सूट मागणारी चिठ्ठी पाठवू नये. तिच्याऐवजी मुलाला दमा आहे, तापवण्याला वेळ द्यावा, पंप त्याच्या दप्तरात आहे, आणि खोकू लागल्यास काय करायचे, एवढे लिहून द्यावे. पंप मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद राहिला तर त्याचा उपयोग नाही.

*रमजानमध्ये काय?* दिवसातून दोनदा घ्यायचा पंप सहरी आणि इफ्तारच्या वेळी बसवता येतो का, हे महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. जोराचा व्यायाम इफ्तारनंतर ठेवावा. रोजात पंप घेण्याबाबत आलिमांची मते एकसारखी नाहीत, म्हणून आपल्या आलिमांना विचारावे. पण झटका आला असता औषध रोखून धरू नये, यात डॉक्टरांचे दुमत नाही.

धोक्याची खूण

मैदानावर झटका आला तर मुलाला आडवे करू नका. ताठ बसवा, कपडे सैल करा. निळा पंप स्पेसरमधून एकेक करून चार वेळा द्या, प्रत्येक वेळी चार श्वास घेऊ द्या. चार मिनिटे थांबा. फरक नसेल तर तसेच पुन्हा करा. तरीही फरक नसेल, मूल पूर्ण वाक्य बोलू शकत नसेल, श्वासाबरोबर बरगड्यांमधली त्वचा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ते गुंगीत जात असेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा आणि वाटेतही पंप देत राहा. घरघर एकदम बंद झाली पण मूल मलूल आहे, तर ते बरे होण्याचे लक्षण नाही. हवाच आत जात नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो.

दमा असलेल्या मुलाला दम लागू द्यावा. तो कधी साधा आहे आणि कधी दम्याचा, हे त्याला स्वतःला ओळखता यावे इतके त्याला शिकवावे. दहा वर्षांचे मूल हे सहज शिकते. मग खिशात पंप आणि पायात बूट घालून ते इतरांबरोबर मैदानात उतरेल. पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह, आपण घरातली धूळ, धूर आणि ओल यांच्याकडे पाहू, कारण मैदानावरच्या अनेक त्रासांची सुरुवात तिथेच होते.